सुटलेल्या खुन्याची जन्मदात्री

रहस्यकथेच्या वाचकाचा लेखकाशी एक अलिखित करार असतो. पहिल्याच प्रकरणात प्रेत पडले तरी त्याची हरकत नसते, मधली दोनशे पाने निरपराध माणसे संशयाच्या फेऱ्यात सापडली तरी तो ते सोसतो. पण शेवटच्या पानापर्यंत खुन्याच्या हातात बेड्या पडल्या पाहिजेत, ही त्याची अट असते. बाबुराव अर्नाळकरांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाच्या तर हा करार इतका अंगवळणी पडलेला आहे, की तो करार आहे हेही त्याला सहसा जाणवत नाही. १९५५ साली पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ या कादंबरीत तो मोडला. आणि मोडला तोही अशा बेमालूमपणे, की पुस्तक मिटताना खुनी निसटल्याची खंत वाटण्याऐवजी वाचकाला हायसे वाटते. आपण कोणाच्या सुटकेने निःश्वास टाकला, हे ध्यानात आल्यावर मग अस्वस्थता सुरू होते. ही अस्वस्थता निर्माण करणारी बाई स्वतः कोणत्या आयुष्यातून आली होती, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम कादंबरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. टॉम रिप्ले हा न्यूयॉर्कमधला पंचविशीचा तरुण. आईबाप लहानपणीच बुडून मेलेले, मावशीने टोमणे मारीत वाढविलेला, हाती धड नोकरी नाही. प्राप्तिकर खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून तो लोकांकडून थकबाकीचे धनादेश मागवितो; पण ते सरकारच्या नावे असल्याने त्याला वटविता येत नाहीत, आणि तरीही तो ते जपून ठेवतो! अशा या तरुणाला हर्बर्ट ग्रीनलीफ नावाचे एक श्रीमंत नौकाबांधणी कारखानदार गाठतात. त्यांचा मुलगा डिकी इटलीच्या किनाऱ्यावरील एका गावात चित्रे काढीत बसला आहे. त्याची समजूत घालून त्याला परत आणावे, खर्च ते करतील. रिप्ले जातो. डिकीचे घर, त्याचे सदरे, त्याच्या बोटांतल्या अंगठ्या, दरमहा न चुकता येणारे पैसे, आणि या कशाचीही किंमत न वाटणारा त्याचा तो सहज बेफिकीरपणा, हे सारे तो पाहतो. एके दिवशी तो डिकीचे कपडे अंगावर चढवून आरशासमोर त्याची नक्कल करीत असताना डिकी दारात येऊन उभा राहतो. त्या क्षणाची शरम वाचकालाही जाळून जाते. पुढे सान रेमो येथे भाड्याच्या छोट्या मोटरबोटीत रिप्ले वल्ह्याने डिकीला ठार मारतो, त्याचे नाव, सही आणि मिळकत धारण करतो, संशय घेणाऱ्या एका मित्राचाही रोममध्ये काटा काढतो, आणि अखेरीस खोटे मृत्युपत्र बनवून ग्रीसच्या बंदरात उतरतो. धक्क्यावर पोलीस उभे दिसतात. ते त्याच्यासाठी आलेले नसतात. डिकीच्या बापाने ते मृत्युपत्र खरे मानलेले असते, आणि रिप्ले टॅक्सीवाल्याला सर्वांत चांगल्या हॉटेलाकडे गाडी न्यायला सांगतो.

हा खून भुकेपोटी झालेला नाही, आणि सूडापोटीही नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला या कादंबरीने खिळवून ठेवले त्याचे कारण हेच. आमच्या शास्त्रात माणसाच्या गरजा आणि आवडीनिवडी गृहीत धरल्या जातात; त्या कोठून आल्या हे विचारणे आमचे काम नव्हे, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातच सांगून मोकळे होतो. रिप्लेला काय हवे आहे? डिकीजवळ जे आहे ते. आणि डिकीजवळ आहे म्हणूनच ते हवे आहे. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये फावल्या वर्गाविषयी लिहिताना या रोगाचे निदान केले होते. उत्पादनच गरजा निर्माण करते, हे गॅलब्रेथ यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथात सांगितले ते १९५८ मध्ये, म्हणजे रिप्लेनंतर तीन वर्षांनी. परंतु हव्यासाची ही वाढ आतून कशी अनुभवास येते, हे त्या दोघांच्याही ग्रंथांत सापडणार नाही.

हायस्मिथबाईंना ते ठाऊक असण्याची कारणे त्यांच्या बालपणात आहेत. १९ जानेवारी १९२१ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे पॅट्रिशियाचा जन्म झाला. आईबाप दोघेही जाहिरातींसाठी चित्रे काढणारे. मुलीच्या जन्माला काही दिवस उरले असतानाच त्यांचा घटस्फोट झाला. गर्भ पाडण्यासाठी आपण टर्पेंटाइन प्यायलो होतो, हे आईनेच पुढे मुलीला सांगितले. जगात येण्यापूर्वीच आपण नकोसे होतो, ही माहिती ज्या मुलीला जन्मदात्रीकडून मिळते, तिच्या मनात आपल्या अस्तित्वाच्या हक्काविषयी कोणता हिशेब सुरू होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. फोर्ट वर्थला आजी भाडेकरू ठेवून घर चालवीत असे. मुलीची पहिली वर्षे तिथेच गेली. आईने १९२४ मध्ये स्टॅन्ली हायस्मिथ यांच्याशी लग्न केले आणि मुलगी सहा वर्षांची असताना हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले. सावत्र बापाचे आडनाव तिला मिळाले, पण त्याच्याविषयी तिला कधी प्रेम वाटले नाही. बारा वर्षांची असताना आईने तिला वर्षभरासाठी पुन्हा आजीकडे ठेवले. आई या नवऱ्याला सोडणार, मग आपण दोघीच राहू, अशी आशा मुलीला लागली होती. आई नवऱ्याकडे परत गेली. तो विश्वासघात तिने जन्मभर जपून ठेवला.

आठ-नऊ वर्षांच्या या मुलीच्या हाती घरातल्या कपाटातून कार्ल मेनिंजर या मानसोपचारतज्ज्ञाचे ‘द ह्यूमन माइंड’ हे पुस्तक आले. चोरीची अनावर ओढ असलेली, आगी लावणारी, मनाचा तोल गेलेली अशी खरीखुरी माणसे त्यात होती, आणि ती शेजारच्या घरातल्या माणसांसारखीच दिसत होती. इतर मुले परीकथा वाचतात त्या वयात तिने ही प्रकरणे पुनःपुन्हा वाचली. समोरून चाललेल्या सभ्य माणसाच्या मनात काय चालले असेल हे बाहेरून कळत नाही, हा तिच्या पुढील सर्व लेखनाचा पाया तेव्हाच घातला गेला असे म्हणण्यास हरकत नाही.

१९४२ मध्ये बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्यावर प्रतिष्ठित नियतकालिकांत नोकरी मिळावी म्हणून हायस्मिथबाईंनी दारे ठोठावली. ती उघडली नाहीत. अखेर एका जाहिरातीला अर्ज करून त्यांना काम मिळाले ते कॉमिक्सच्या कथा लिहिण्याचे. दिवसाला दोन-दोन कथा पाडायच्या, आठवड्याला ठरलेली रक्कम घ्यायची. या कामाची त्यांना इतकी लाज वाटे, की पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर आयुष्यातील ही सहा-सात वर्षे त्या शक्य तितकी झाकून ठेवीत. पण दिवसा सामान्य कारकून आणि रात्री मुखवटा चढविलेला महावीर, असे दुहेरी जिणे जगणाऱ्या नायकांच्या कथा लिहिता लिहिता त्यांचा हात बसला, तो वाया गेला नाही. रिप्लेच्या तोतया करवसुलीत जी सावजे सापडतात, त्यांत एक कॉमिक्सचा चित्रकार आहे. ठरलेला पगार नसलेला, हिशेबात कच्चा आणि सरकारी आवाजाला घाबरणारा माणूस कसा असतो, हे लेखिकेला कोणाला विचारावे लागले नसणार.

१९४८ चा उन्हाळा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी म्हटला पाहिजे. ट्रुमन कपोटे यांच्या शिफारशीमुळे न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्जजवळच्या ‘याडो’ या संस्थेत त्यांना दोन महिने राहण्यास मिळाले. कलावंतांना काही काळ पोटाची विवंचना न करता काम करता यावे, यासाठी एका धनिक कुटुंबाने आपली वाडी देऊन ही संस्था उभी केली होती. तिथे ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ आकाराला आली. आगगाडीत योगायोगाने भेटलेल्या दोघांनी एकमेकांचे खून वाटून घ्यावेत, म्हणजे हेतूच्या धाग्याने पोलिसांना खुन्यापर्यंत पोहोचताच येणार नाही, ही त्यातील कल्पना. १९५० मध्ये कादंबरी निघाली आणि लगोलग हिचकॉक यांनी तिचे चित्रपटहक्क घेतले. स्वतःचे नाव सौद्यातून बाहेर ठेवून त्यांनी ते साडेसात हजार डॉलरच्या आसपास पदरात पाडून घेतले. खरा खरेदीदार कोण होता हे कळल्यावर नवख्या लेखिकेचा संताप झाला, पण कागदावर सही झाली होती. नाव लपविल्याने भाव कसा पडतो, याचा हा धडा तसा महागच पडला.

त्याच १९४८ च्या डिसेंबरात, मनोविश्लेषणाच्या उपचारांचे पैसे भागविण्यासाठी त्या न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात नाताळच्या गर्दीपुरत्या विक्रेत्या म्हणून खेळण्यांच्या विभागात उभ्या राहिल्या. एक दिवस उंची केसाळ कोट घातलेली एक स्त्री आली, तिने एक बाहुली घेतली, ती घरी पोहोचविण्यासाठी पत्ता दिला आणि गेली. एवढेच घडले. त्या रात्री अंगात ताप असताना हायस्मिथबाईंनी एका सबंध कादंबरीचा आराखडा लिहून काढला. पुढे, १९५० मध्ये, त्या आगगाडीने न्यू जर्सीतील त्या पत्त्यावर गेल्या, आणि त्या स्त्रीला न भेटता दुरूनच घर पाहून परतल्या. दुकानाच्या फळीच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या आयुष्याकडे पाहणे, आणि मग त्या आयुष्याच्या दारापर्यंत चोरपावलांनी जाणे! रिप्ले अजून लिहिला जायचा होता, पण त्याची नजर तयार झालेली होती.

त्या आराखड्यातून ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने. त्या काळच्या अमेरिकेत असल्या प्रेमाची शिक्षा म्हणून नायिकेने मरावे, वेडे व्हावे किंवा पश्चात्ताप करावा, अशी प्रथा होती. इथे तसे काहीच होत नाही. स्वस्त आवृत्तीचा खप दहा लाखांच्या घरात गेला. स्वतः स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या लेखिकेने मात्र हे पुस्तक आपले असल्याचे जाहीरपणे मान्य केले ते १९९० मध्ये. म्हणजे जवळजवळ चार दशके आपल्या आयुष्यातील सर्वांत खरी गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या नावावर ठेवली होती. खोट्या नावाने जगताना माणसाचे कान कसे सतत टवकारलेले असतात, याचा हा अनुभव पुस्तकी नव्हता.

१९५२ मध्येच इटलीतील पोझितानो येथे त्या राहिल्या असताना, एके दिवशी पहाटे हॉटेलच्या सज्जात उभ्या राहून त्या खाली समुद्राकडे पाहत होत्या. निर्जन वाळूवरून एक तरुण एकटाच चालला होता. अर्धी विजार, पायात सपाता, खांद्यावर पंचा. तो विचारात गढलेला दिसत होता. त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, पुन्हा कधी त्यांना तो दिसलाही नाही. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स या गावी, अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाचे छोटे घर भाड्याने घेऊन त्या रिप्लेची कथा लिहावयास बसल्या, तेव्हा तो तरुण डोळ्यांसमोर होता. गावच्या ग्रंथालयातून आणलेला तोकव्हील यांचा अमेरिकेतील लोकशाहीवरचा ग्रंथ त्या काळात त्यांच्या वाचनात होता, हे कळल्यावर मला मोठी मौज वाटली. जिथे सारेच समान आहेत असे मानले जाते तिथे थोडीशी विषमताही डोळ्यांत सलते, आणि भरल्या घरातली माणसे सुद्धा बेचैन राहतात, असे त्या फ्रेंच विचारवंताचे निरीक्षण होते. सरदाराचा नोकर सरदाराचा मत्सर करीत नाही, कारण ती जागा आपली होऊ शकते असे त्याला वाटतच नाही. रिप्लेला तसे वाटते. डिकीत आणि आपल्यात जन्माच्या अपघाताखेरीज काहीच अंतर नाही, उलट ते वैभव भोगण्याची रसिकता आपल्यापाशी अधिक आहे, अशी त्याची खात्री आहे. आणि अडचण अशी की वाचकालाही ते पटते. महिनाअखेरीला वाण्याची उधारी मोजणारा कोणता कारकून किंवा शिक्षक, डिकीच्या त्या आळसावलेल्या दुपारी वाचताना, हे याला कशासाठी मिळाले असे मनात म्हणत नाही? हायस्मिथबाई त्या प्रश्नाचे बोट धरून आपल्याला बोटीपर्यंत नेतात, आणि वल्हे उचलले जाते तेव्हा मागे फिरण्याची वेळ टळून गेलेली असते.

लेखन सुरू असताना आपण खुर्चीच्या अगदी कडेवर बसून लिहीत होतो, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. सैल वाटलेली पाने त्यांनी फाडून टाकली. कादंबरी आपण लिहिली नसून रिप्लेनेच लिहिली, असे त्यांना वाटे. अमेरिकेतील रहस्यलेखकांच्या संघटनेने दिलेल्या मानपत्राला दमट हवेने बुरशी आली, तेव्हा ते स्वच्छ करताना त्यांनी आपल्या नावाआधी रिप्लेचे नाव स्वहस्ते घातले. पत्रांखाली कधीकधी त्या रिप्ले म्हणूनच सही करीत. हा विनोद होता, पण निव्वळ विनोद नव्हता.

खुन्याला शासन न घडविण्याबद्दल त्यांना पुष्कळांनी जाब विचारला. लोकांना वाटणारी न्यायाची ओढ कृत्रिम आहे, खऱ्या जगात ती दिसत नाही, असे त्यांनी रहस्यलेखनाविषयीच्या आपल्या १९६६ च्या पुस्तकात निःसंकोचपणे लिहून टाकले. हा युक्तिवाद मला अर्धाच मान्य आहे. न्याय होत नाही म्हणून न्यायाची इच्छा खोटी ठरत नाही. पण कादंबरीतील रिप्ले अगदी मोकळा सुटतो असेही नाही. यापुढे प्रत्येक बंदरावर आपल्याला पोलीस वाट पाहत उभे दिसणार, हे त्याला कळून चुकलेले आहे. रने क्लेमाँ यांनी १९६० मध्ये आलँ देलाँला घेऊन या कथेवर चित्रपट काढला तेव्हा त्यांना एवढे पुरेसे वाटले नाही. शेवटी प्रेत वर आले आणि खुनी सापडला. करार पूर्ववत झाला. हायस्मिथबाईंना तो शेवट रुचला नाही, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. खुनी पकडला गेला की प्रेक्षक निर्दोष होऊन घरी जातो.

पुढील वर्षे वेगाने सांगितली तरी चालतील. फ्रान्समध्ये १९५७ साली रिप्लेला पारितोषिक मिळाले, युरोपात त्यांची गणना गंभीर साहित्यिकांत होऊ लागली, ग्रॅहॅम ग्रीन यांच्यासारख्याने त्यांच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली. मायदेशात मात्र त्या गुन्हेकथांच्या फळीवरच राहिल्या. १९६३ मध्ये त्यांनी अमेरिका कायमची सोडली. इंग्लंडमधील सफोक, मग फ्रान्स, मग स्वित्झर्लंड अशी घरे बदलत राहिली. कोणाही सोबत्याशी वा सखीशी दीर्घकाळ जमले नाही. मांजरे मात्र होती, आणि गोगलगाई होत्या. सफोकच्या घरी त्यांनी शेकडो पाळल्या होत्या, आणि लंडनच्या एका मेजवानीला त्या हातपिशवीत सॅलडच्या पानांचा गड्डा आणि शंभरेक गोगलगाई घेऊन गेल्या होत्या. १९८० मध्ये कराच्या संशयावरून फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांच्या घराची झडती घेतली. खोट्या करवसुलीने आपल्या नायकाची ओळख करून देणाऱ्या लेखिकेला या गोष्टीचा इतका धक्का बसला, की लवकरच त्यांनी स्वित्झर्लंडला बस्तान हलविले.

त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या एका बाजूविषयी गप्प राहून चालणार नाही. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांविषयी त्यांच्या मनात विखार होता. तो वयाबरोबर वाढत गेला. निरनिराळी खोटी नावे घेऊन त्या वर्तमानपत्रांना विखारी पत्रे पाठवीत. अँड्र्यू विल्सन यांचे २००३ चे आणि जोन शेंकर यांचे २००९ चे चरित्र, तसेच २०२१ मध्ये निघालेल्या त्यांच्या दैनंदिनीतील निवडक भाग, यांनंतर याविषयी शंका उरत नाही. काही टीकाकार दुःखी बालपण, मद्य, एकाकीपणा अशी कारणे पुढे करतात. ती कारणे असतील. ते समर्थन होऊ शकत नाही. स्वतःची किंमत दुसऱ्याशी ताडून पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला वर पाहताना मत्सर वाटतो आणि खाली पाहताना तुच्छता. पहिल्या विकाराची बारीकसारीक लक्षणे हायस्मिथबाईंनी नोंदविली, दुसऱ्याची बाधा आपल्यालाच झाली आहे हे त्यांनी कधी कबूल केले नाही. त्यांची पुस्तके वाचू नयेत असे मात्र मी म्हणणार नाही. मत्सर मनात कसा मुरत जातो हे दाखविणारी याहून प्रामाणिक साक्ष मला तरी दुसरीकडे मिळालेली नाही, आणि साक्षीदार सज्जनच असला पाहिजे असा नियम नाही.

अखेरची वर्षे त्यांनी तेन्या या स्विस गावात स्वतः बांधून घेतलेल्या घरात काढली. रस्त्याच्या बाजूने ते घर गढीसारखे बंदिस्त दिसे. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी लोकार्नो येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांना शेवटची भेटून गेलेली व्यक्ती नातेवाईक नव्हती, प्रकाशकही नव्हता; ती त्यांची हिशेबनीस होती. सुमारे तीस लाख डॉलरची मालमत्ता त्यांनी ‘याडो’ला ठेवली होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तिथे काढलेल्या दोन महिन्यांखेरीज त्या संस्थेशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता. घरातल्या कपड्यांच्या कपाटात, चादरी-टॉवेलांच्या मागे, दैनंदिन्या आणि टिपणवह्या मिळून आठ हजारांच्या आसपास पाने सापडली. ती आज बर्न येथील स्विस साहित्य-संग्रहालयात आहेत.

रिप्लेवर त्यांनी एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या. शेवटची १९९१ मध्ये आली. दुसऱ्या कादंबरीपासून तो फ्रान्समधील एका खेड्यात ‘बेल ओंब्र’ नावाच्या सुंदर घरात राहतो, त्याची बायको श्रीमंत बापाची मुलगी आहे, तो बाग फुलवितो आणि हार्पसिकॉर्डचे धडे घेतो. अधूनमधून एखादा खून करावा लागतो. छत्तीस वर्षांत त्याचे वय दहा-बारा वर्षांनीसुद्धा वाढलेले दिसत नाही, आणि शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही तो मोकळाच आहे.